बाहेरच्या एन्क्लोजरमधली एसएसडी मधेच तुटते: कारण कसे शोधावे आणि किनाऱ्यावर टिकणारे एन्क्लोजर कसे निवडावे

समस्या अशी आहे. एनव्हीएमई या वेगवान प्रकारची एसएसडी एन्क्लोजरमध्ये, म्हणजे तिला यूएसबीने जोडता यावे यासाठीच्या बाहेरच्या डबीत, बसवून लॅपटॉपला जोडली की ती लगेच दिसते, फाइल उघडतात, लहानसहान कामे विनातक्रार होतात. पण मोठा डेटा टाकायला घेतला की आठ-दहा मिनिटांनी कॉपीची पट्टी जागच्या जागी थांबते, ड्राइव्हचे अक्षर नाहीसे होते आणि काही क्षणांनी जोडणीचा आवाज येऊन तीच ड्राइव्ह पुन्हा दिसू लागते. अर्धवट उतरलेली फाइल मात्र उघडत नाही. केबल काढून पुन्हा लावली की सगळे सुरळीत होते, म्हणून आपणही विषय सोडून देतो, आणि पुढच्या मोठ्या कॉपीला पुन्हा तेच घडते.

मी वेंगुर्ल्याला राहतो आणि जत्रांमधल्या दशावतारी प्रयोगांचे चित्रीकरण करतो. फोरके चित्रीकरण १०० मेगाबिट प्रति सेकंद या दराने केले तर तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. रात्री उशिरा उभा राहिलेला प्रयोग दहीकाला होईपर्यंत सहा तास चालला आणि कॅमेरे दोन असले, तर एका रात्रीचा ऐवज ५४० जीबींवर जातो. दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावची जत्रा असते, त्यामुळे लॅपटॉप आणि कार्डे दोन्ही दिवसाउजेडी रिकामी करावीच लागतात. अशा वेळी ड्राइव्ह मधेच तुटणे ही नुसती गैरसोय राहत नाही. त्या रात्रीचा संकासूर किंवा राजाची कचेरी पुन्हा त्याच रंगात उभी राहणार नसते, आणि म्हणूनच मी या दोषाच्या मागे लागलो.

पहिली चूक मी केली ती अशी की दोष एसएसडीचा आहे असे धरून दुसरी एसएसडी विकत घेतली. ती त्याच एन्क्लोजरमध्ये घातल्यावर तिनेही तेच केले. नंतर सुटे सुटे तपासल्यावर कळले की लक्षण एकच असले तरी माझ्याकडे त्याची कारणे तीन होती आणि त्यांतले एकही एसएसडीत नव्हते. त्यामुळे हा दोष ज्यांना छळतो आहे त्यांना माझी विनंती आहे की काहीही विकत घेण्याआधी पुढची तपासणी करावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, पोर्ट आणि एन्क्लोजर एकदम बदलले आणि काम झाले, तर कारण हाती लागत नाही. ते पुन्हा कधीतरी डोके वर काढते.

सर्वांत आधी, ड्राइव्ह नेमकी कधी तुटते ते पाहावे. नुसती जोडून ठेवलेली असताना, कोणतेही काम चालू नसताना ती जात असेल, तर बहुधा वीज वाचवण्याची सोय आड येत असते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावे, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट या पानावर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची जी परवानगी असते तिची खूण काढावी. कॉपी सुरू होताच पहिल्या काही सेकंदांत जात असेल, तर वीज कमी पडते आहे असा पहिला संशय घ्यावा. काही मिनिटे उत्तम चालून मग जात असेल, तर उष्णता. आणि केबलला नुसता धक्का लागला, लॅपटॉप जरा सरकला तरी जात असेल, तर तो सांध्याचा दोष आहे. माझ्या बाबतीत ऋतूनेही खूण दिली होती: मार्गशीर्षातल्या पहाटे जी ड्राइव्ह बहुतेक वेळा तग धरत असे ती वैशाखात हमखास तुटे, आणि आषाढात ती हात लावताच तुटू लागली. हा हिशेब मी आधी मांडला असता तर दुसऱ्या एसएसडीचे पैसे वाचले असते.

मग विंडोजने स्वतः काय नोंदवले आहे ते पाहावे. इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्समधील सिस्टिम या भागात, तुटण्याच्या वेळेच्या आसपासच्या नोंदी वाचाव्यात. क्रमांक १२९ ची नोंद म्हणजे ड्राइव्हकडून वेळेत उत्तर न आल्याने तिला रीसेट करावे लागले, १५३ म्हणजे वाचणे किंवा लिहिणे पुन्हा करून पाहावे लागले, आणि १५७ म्हणजे डिस्क अचानक काढली गेली. आधी १२९ च्या नोंदींची रांग लागून शेवटी १५७ आली असेल, तर ड्राइव्ह किंवा एन्क्लोजर आधीपासून अडखळत होते असे मी समजतो. काहीही पूर्वसूचना नसताना थेट १५७ आली असेल, तर वीज किंवा जोडणीच तुटली असण्याचा संभव अधिक. लिनक्स वापरणाऱ्यांना हेच कर्नलच्या नोंदींत यूएसबी उपकरण रीसेट झाल्याच्या ओळींत दिसते.

एसएसडीला दोषमुक्त करायचे असेल तर तिची स्मार्ट माहिती, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते ती, वाचावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम बहुतेक एन्क्लोजरांमधूनही ती दाखवतो. त्यात दोन आकडे महत्त्वाचे आहेत. मीडिया अँड डेटा इंटेग्रिटी एरर्स हा आकडा शून्य असेल आणि शून्यच राहत असेल, तर एसएसडीच्या आतल्या मेमरीवर आळ घेण्याचे कारण नाही. दुसरा आकडा अनसेफ शटडाउन्सचा. वीज अचानक गेली की तो एकाने वाढतो. मात्र काही एन्क्लोजर ड्राइव्हला बंद होण्याची सूचना देतच नाहीत, त्यामुळे नीट इजेक्ट करूनही हा आकडा वाढतो. म्हणून आधी दोन-तीनदा रीतसर इजेक्ट करून आपले एन्क्लोजर कसे वागते ते पाहावे. रीतसर काढल्यावर आकडा स्थिर राहतो आणि तुटल्यावर वाढतो असे दिसले, तर वीज जात होती. तुटूनही आकडा हलला नाही, तर वीज होती आणि फक्त डेटाचा मार्ग तुटला होता. या एका निरीक्षणाने माझे बरेच कष्ट वाचवले.

आता विजेचा हिशेब. यूएसबी ३ च्या साध्या, आयताकृती टाइप-ए पोर्टने ५ व्होल्टवर ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट द्यावेत असा नियम आहे. यूएसबी २ चे पोर्ट ५०० मिलिअँपिअर म्हणजे अडीच वॅटच देते. टाइप-सी पोर्ट क्षमतेनुसार दीड किंवा तीन अँपिअरपर्यंत जाऊ शकते. एसएसडीच्या लेबलवर ३.३ व्होल्ट आणि २.५ अँपिअर असे काही छापलेले असते. ती कमाल मर्यादा आहे, पण गुणाकार केला तर सव्वाआठ वॅट येतात हे लक्षात घ्यावे. सलग लिहिताना वेगवान एनव्हीएमई ड्राइव्हने पाच-सहा वॅट ओढणे नवलाचे नाही, आणि त्यात एन्क्लोजरमधल्या चिपची भूक वेगळी. म्हणून टाइप-ए पोर्टला लावलेली अशी ड्राइव्ह काठावर चालत असते. काही लॅपटॉप नियमापेक्षा जास्त वीज देतात, म्हणूनच 'मित्राच्या लॅपटॉपवर चालते, माझ्यावर नाही' हा अनुभव येतो. उपाय साधा आहे: लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टला, मध्ये हब (एका पोर्टाची अनेक पोर्ट करणारा जोड) न घेता, आखूड केबलने जोडून तीच कॉपी पुन्हा करावी. टाइप-सी नसेल तर स्वतंत्र अॅडॉप्टर असलेला हब वापरावा. नुसता प्रवासी हब उपयोगाचा नाही, कारण तो आपली वीज त्याच पोर्टातून घेतो.

केबलबद्दल मला विशेष आग्रहाने सांगायचे आहे, कारण माझ्या तीन कारणांतले पहिले तेच निघाले. एन्क्लोजरबरोबर आलेली केबल हरवल्यावर मी मोबाइलच्या चार्जरची टाइप-सी केबल वापरत होतो. अशा बऱ्याच केबलांत डेटासाठी फक्त यूएसबी २ च्या तारा असतात. कॉपीचा वेग सेकंदाला ३५-४० एमबींच्या पुढे जातच नसेल, तर जोडणी ४८० मेगाबिटची झाली आहे असे खुशाल समजावे. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमधील यूएसबीच्या पानावर जोडणीचा वेग थेट वाचता येतो. निळ्या टाइप-ए पोर्टात प्लग अगदी सावकाश सरकवला तरी आधी यूएसबी २ चे संपर्क लागून हाच प्रकार होऊ शकतो, तेव्हा प्लग एका झटक्यात, पूर्ण आत बसवावा. नंतर मी एक लांब केबल घेतली, तिच्यावर वेग मिळाला पण ड्राइव्ह सुरुवातीलाच तुटू लागली: लांब, बारीक तारेत व्होल्टेज पडते. आज माझ्याकडे १० गिगाबिटसाठी असलेली, वीतभर लांबीची केबल आहे, आणि ती एन्क्लोजरच्या पिशवीतून बाहेर दुसऱ्या कशाला मी देत नाही. यूएसबी ३ ची जोडणी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते हेही जाता जाता सांगतो. ड्राइव्ह चालू असताना वायरलेस माउस अडखळत असेल तर त्याचा डोंगल दूरच्या पोर्टाला लावावा, ड्राइव्हला दोष देऊ नये.

केबल बदलल्यावर थंडीतले तुटणे थांबले, पण वैशाखातले थांबले नाही. तेव्हा चाचणी अशी केली: दोनशे जीबींची तीच फाइल, तेच पोर्ट, तीच केबल, एकदा एन्क्लोजर टेबलावर नुसते ठेवून आणि एकदा टेबलफॅनच्या थेट वाऱ्यात ठेवून. वाऱ्यात कॉपी पूर्ण झाली, वाऱ्याविना तुटली. एवढ्यावर कारण सिद्ध होते. पण गंमत अशी की तुटण्याच्या क्षणी एन्क्लोजर बाहेरून फक्त कोमट लागत असे. आत ७० अंशांच्या वर तापमान आणि बाहेर कोमट, याचा अर्थ उष्णता बाहेर येतच नव्हती. मी स्क्रू काढून झाकण उघडले. थर्मल पॅड, म्हणजे चिपांची उष्णता झाकणाकडे नेणारा मऊ तुकडा, जागेवर होता, मेमरीच्या चिपांना चिकटलेलाही होता. पण त्याच्या वरच्या अंगावर, जिथे तो ॲल्युमिनियमच्या झाकणाला टेकायचा, तिथे कारखान्यातली पातळ पारदर्शक फिल्म तशीच होती, आणि पॅड झाकणापासून नखभर खालीच राहत होता. बसवताना ती फिल्म मीच काढायची विसरलो होतो. फिल्म काढली, पॅडची जाडी पुरेल असा नवा पॅड घातला, झाकण लावून पुन्हा उघडून पाहिले तेव्हा पॅडवर झाकणाचा ठसा उमटलेला होता. ठसा उमटला पाहिजे, हीच पॅड बरोबर बसल्याची खूण. त्यानंतर एन्क्लोजर हाताला चांगलेच गरम लागू लागले, आणि तसे ते लागायलाच हवे.

येथे दोन गोष्टींत गल्लत होते. एसएसडी तापली की ती स्वतःच वेग कमी करते, सहसा तुटत नाही. तसेच बऱ्याच एसएसडी सुरुवातीचा काही भाग वेगवान कॅशमध्ये लिहितात आणि ती भरली की वेग निम्म्याहून खाली येतो; तो दोष नव्हे, तो त्या ड्राइव्हचा स्वभाव आहे. तुटते ती मुख्यतः एसएसडी आणि यूएसबी यांच्यामधली ब्रिज चिप. तिच्या वाट्याला अनेकदा पॅडही येत नाही. म्हणून पॅड बदलताना एन्क्लोजरच्या पोर्टाजवळची ती छोटी चौकोनी चिपही झाकणाला किंवा तळाला टेकेल असा तुकडा तिच्यावर ठेवावा.

तिसरे कारण किनाऱ्याचे आहे, आणि देशावरच्या मार्गदर्शनात ते सापडत नाही. आषाढात ड्राइव्ह केबलला हात लावताच जाऊ लागली तेव्हा मी ती मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेलो. तिथल्या काकांनी पोर्ट भिंगाखाली धरले आणि म्हणाले, "ह्या बघा, हयसर गंज धरलो हा." पोर्टाच्या धातूच्या कडेला तांबूस डाग होते आणि आतल्या जिभेवर, सोनेरी संपर्कांच्या मुळाशी, पांढुरक्या-हिरव्या रंगाचा मिठासारखा थर होता. साधे मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळू लागते. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस त्याहून वर असते, म्हणजे समुद्राच्या वाऱ्यासोबत पोर्टात बसलेले मीठ त्या काळात कोरडे राहतच नाही, आणि पोर्टात वीज खेळत असली की संपर्क अधिकच वेगाने खराब होतात. सोन्याचा मुलामा पातळ असतो. केबल हजारदा घालून-काढून तो झिजला की खालचा धातू उघडा पडतो.

स्वच्छता करताना सर्व जोडण्या काढाव्यात, ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशला लावून पोर्ट आणि केबलचे टोक हलक्या हाताने पुसावे, आणि पूर्ण वाळल्याशिवाय जोडू नये. एसएसडीच्या कडेचे सोनेरी दातेही तसेच पुसावेत. टाचणी किंवा सुई घालून खरवडू नये. जीभ वाकली तर एन्क्लोजर गेलेच, पण लॅपटॉपचे पोर्टही जाऊ शकते. रोजच्या ठेवणीसाठी घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. आणखी एक सवय लावून घ्यावी: एसी चालू असलेल्या खोलीतून किंवा गाडीतून पावसाळी हवेत आल्यावर एन्क्लोजर बंद पिशवीतच अर्धा तास राहू द्यावे. थंड धातूवर आपल्याकडच्या हवेत दव धरते, आणि ते आतही धरते.

हे सगळे करूनही एन्क्लोजर बदलायची वेळ आली, तर निवडताना आधी स्वतःची एसएसडी पाहावी. एम.२ पट्टीच्या दात्यांत एकच खाच असेल तर ती बहुधा एनव्हीएमई असते, दोन खाचा असतील तर बहुधा साटा, म्हणजे जुन्या, कमी वेगाच्या जोडणीची. पण जुन्या काही एनव्हीएमई ड्राइव्हनाही दोन खाचा आहेत, तेव्हा लेबल वाचून खात्री करावी. फक्त एनव्हीएमईसाठीच्या एन्क्लोजरमध्ये साटा पट्टी बसली तरी चालत नाही. २२८० हा आकडा म्हणजे २२ मिलिमीटर रुंदी आणि ८० मिलिमीटर लांबी. पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिपा असतील तर खालच्या बाजूलाही पॅडला जागा आहे का ते विचारावे.

मग चिप. विक्रेत्याने ब्रिज चिपचे नाव दिले नसेल तर ते एन्क्लोजर मी घेत नाही, कारण नाव कळल्याशिवाय फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आतला प्रोग्रॅम, शोधता येत नाही, आणि मधेच तुटण्याचे काही दोष फर्मवेअरनेच सुटतात. १० गिगाबिटच्या वर्गात एएसमीडियाची एएसएम २३६२, जेमायक्रॉनची जेएमएस ५८३ आणि रिअलटेकची आरटीएल ९२१० बी ही नावे वारंवार दिसतात. यांतली शेवटची एनव्हीएमई आणि साटा दोन्ही चालवते. बाजारातल्या नावांचा गोंधळही सोडवून घ्यावा: यूएसबी ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही एकाच ५ गिगाबिटची तीन नावे आहेत, आणि ३.२ जेन २ म्हणजे १० गिगाबिट. २० गिगाबिटचे एन्क्लोजर लॅपटॉपनेही तोच प्रकार पाळला तरच तो वेग देते, नाहीतर १० वरच चालते. मॅकवर तर ते सहसा १० वरच चालते. साटाच्या एन्क्लोजरवर ६ गिगाबिट छापलेले असते तो आतल्या साटा जोडणीचा वेग, बाहेरच्या यूएसबीचा नव्हे.

माझा स्वतःचा कल आता कमी वेगाकडे आहे आणि तो मी विचारपूर्वक मांडतो. कॅमेऱ्याचे साधे यूएचएस-१ कार्ड सेकंदाला शंभर एमबींच्या आतबाहेर वाचते. कार्डावरून थेट ड्राइव्हवर उतरवायचे असेल, तर ५ गिगाबिटच्या एन्क्लोजरमधली अडीच इंची साटा एसएसडी, जी सेकंदाला चारशे एमबींच्या आसपास देते, चौपट पुरेशी आहे. ती एनव्हीएमईपेक्षा कमी तापते, कमी वीज ओढते, आणि जुन्या टाइप-ए पोर्टावरही बिनघोर चालते. जत्रेच्या जागी मी आता तीच नेतो. एनव्हीएमई घरी ठेवली आहे, कारण संकलन थेट ड्राइव्हवरून करायचे तर तिचा वेग खरोखर उपयोगी पडतो.

पंखा असलेली एन्क्लोजरे किनाऱ्यावर घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. पंखा उष्णता काढतो हे खरे, पण तो खाऱ्या हवेचा सतत झोत थेट सर्किटवर आणतो. जाड, अखंड ॲल्युमिनियमचे, जाळी किंवा फटी नसलेले, स्क्रूने बंद होणारे एन्क्लोजर घ्यावे. सरकत्या झाकणाची, अवजाराविना उघडणारी एन्क्लोजरे सोयीची असतात, परंतु त्यांत पॅडवर दाब कमी पडतो.

फॉरमॅटविषयी थोडेसे. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते, पण त्यात जर्नल, म्हणजे होऊ घातलेल्या बदलांची आधी केलेली नोंद, नसल्याने अचानक तुटल्यावर फोल्डरच्या फोल्डर बिघडू शकते. ड्राइव्ह फक्त विंडोजवरच वापरायची असेल तर एनटीएफएस ठेवावे. कोणतेही असो, दोन ठिकाणी प्रत पोहोचून ती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये.

एकच प्रसंग उरतो जिथे वरचे काहीही लागू पडत नाही. आखूड केबल, टाइप-सी पोर्ट, वारा, स्वच्छ संपर्क आणि दुसरे एन्क्लोजर, एवढे सगळे करूनही ड्राइव्ह जात असेल आणि मीडिया एरर्सचा आकडा शून्यावरून हलला असेल, तर दोष खरोखर एसएसडीचा आहे. मग चाचण्या थांबवाव्यात, तिच्यावर नवे काही लिहू नये, आधी सर्वांत महत्त्वाच्या फाइल आणि मग उरलेल्या दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, आणि वॉरंटी असेल तर त्या आकड्याच्या पानाचे चित्र काढून ती बदलून मागावी.